सोलापुरात हीटर कशाला?

मे महिन्यात आमच्या हँगरच्या पत्र्याखाली उभं राहिलं, की डोक्यावर कुणी तापलेला तवा धरलाय असं वाटतं. अशा गावातल्या विमानात हीटर असतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. "म्हणजे सोलापुरात शेगडी उशाला घेऊन झोपायचं?" मी म्हणालो. वीरभद्रप्पा कलशेट्टींनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"सयाजी, विमान सोलापुरात फकस्त झोपतंय. काम वर करतंय. वर थंडी आसती की."

याला नऊ वर्षं झाली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमची संस्था शहराबाहेर आहे. मुलंमुली इथे वैमानिक व्हायला येतात. पाच लहान विमानं, एक हँगर, एक रेडिओची खोली, आणि कागदांनी भरलेली माझी खोली. कोणता भाग कधी बसवला, कुणी तपासला, कुणी सही केली, हे लिहून ठेवणं माझं काम. सुट्या भागांचं भांडारही माझ्याकडेच. वेळापूरला माझ्या गल्लीत अजून सांगतात, सयाजी विमानं चालवतो. मी खुलासा करत बसत नाही.

वीरभद्रप्पांना सगळे अप्पा म्हणतात. ते आमचे मुख्य इंजिनिअर. मूळचे मैंदर्गीचे. वडिलांचं तिथे ऑइल इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. अठराव्या वर्षी अप्पा हवाई दलात भरती झाले, वीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, मग परीक्षा देऊन परवाना काढला आणि घराजवळ म्हणून सोलापुरात आले. घरात कन्नड, बाहेर मराठी, कागदावर इंग्रजी, आणि चिडले की तिन्ही एकदम. कपाळाला भस्म, अंगात निळा डांगरीचा सूट. गळ्यातलं लिंग इंजिनावर वाकण्याआधी ते बनियनच्या आत नीट खोचून घ्यायचे. जेवायला बसले की कडक भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा.

त्यांची सही हे एक प्रकरण होतं. तपासणी संपली की बाकीचे लोक पान उलटतात आणि सही ठोकतात. अप्पा आधी हात धुणार, ते पुसणार, खुर्ची टेबलाजवळ ओढणार, मग एकेक ओळ वाचून तिच्यापुढे सही करणार. शंभर तासांच्या तपासणीत अशा साठ-सत्तर ओळी असतात. मी समोर बसून जांभया द्यायचो. एखादा मेकॅनिक म्हणाला, "अप्पा, तो बोल्ट बघितलाय मी," की अप्पा विचारायचे, "बगितलास का हात लावलास? डोळा फसतो. बोट फसत न्हाय." मेकॅनिक मुकाट्याने परत जायचा.

उडण्याआधी पायलटने विमानाभोवती फिरून सगळं स्वतः तपासायचं असतं. पोरं फिरायची, नाही असं नाही. पण त्याआधी माझ्या टेबलावरचं पुस्तक उघडून खालची सही बघायची, आणि ती अप्पांची असली की त्यांच्या फेरीचा वेग वाढायचा. मी कितीतरी वेळा ओरडलो असेन. पालथ्या घड्यावर पाणी.

महेश्वरी येमुल त्यातलीच. इथेच शिकली आणि इथेच शिकवायला लागली. शहराच्या पूर्व भागातली, विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, वडिलांचे टॉवेलचे माग. पहिल्यांदा एकटीने विमान उडवून उतरली, तेव्हा आईवडिलांना फोन करायच्या आधी ती अप्पांच्या पाया पडली होती. अप्पा तिला 'अव्वा' म्हणायचे. कन्नडमध्ये आईलाही अव्वा आणि लाडक्या लेकीलाही अव्वाच.

गेल्या डिसेंबरात आमचं सगळ्यात जुनं विमान विकलं गेलं. त्याला सगळे म्हातारी म्हणायचे. घेणारी संस्था उत्तरेकडची, पार हिमालयाच्या पायथ्याची. महेश्वरीने तीन टप्प्यांत विमान तिथे पोचवायचं ठरलं. त्यांनी अटींची लांबलचक यादी धाडली, त्यात एक ओळ होती: केबिनचा हीटर चालू असावा. ती वाचून सगळा हँगर हसला. म्हातारीचा हीटर चालू आहे की बंद, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात सकाळच्या पाळीला थंडी वाजली तर आमची पोरं पायावर चादर घेऊन उडायची. सोलापुरात चादरीला काय तोटा!

हा हीटर म्हणजे वीज खाणारं यंत्र नव्हे. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा सायलेन्सर भयंकर तापतो. त्याच्याभोवती पत्र्याचा डबा बसवलेला असतो. बाहेरची थंड हवा त्या डब्यातून फिरते, तापते, आणि मनगटाएवढ्या पाइपातून केबिनकडे जाते. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीत एक झडप असते. पायलटने समोरचा नॉब ओढला की झडप उघडते आणि पायाशी ऊब येते. धूर सायलेन्सरच्या आतून जातो, हवा त्याच्या बाहेरून. दोघांची भेट होता कामा नये. सायलेन्सरला चीर गेली तर ती भेट होते, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड उबेबरोबर केबिनमध्ये येतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग सुस्ती येते, मग माणूस झोपतो. जमिनीवर झोपलेल्याला कुणीतरी हलवून उठवेल. विमानात एकटा असलेल्याला कोण उठवणार? म्हणून दर शंभर तासांनी तो डबा उघडून सायलेन्सर बघायचा असतो.

बुधवारी सकाळी अप्पांनी म्हातारीचं काम हातात घेतलं. मीही बघायला गेलो, हीटर नावाची वस्तू एकदा बघावी म्हणून. इंजिन चालू करून गरम केलं, नॉब ओढला. पायाशी वाऱ्याची झुळूकही नाही. अप्पांनी इंजिन बंद करायला लावलं, थंड होऊ दिलं आणि पुढचं झाकण काढलं. नॉबची तार तुटली असेल म्हणून आधी ती बघितली. तार शाबूत. नॉब ओढल्यावर झडप हलते का, ते बघितलं. हलत होती. हवा आत यायचं तोंड मोकळं होतं. मग त्यांनी डब्यापासून भिंतीपर्यंत जाणारा पाइप हाताने चाचपायला सुरुवात केली. भिंतीजवळ त्यांचा हात थांबला. त्यांनी तिथे पाइप दोनदा दाबला.

"सयाजी, जा रे, चहा सांगून ये."

दुपारच्या आत अप्पा चहाला शिवत नाहीत, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. मी गेलो. परत आलो तर ते पाइपाची पट्टी आवळत होते. इंजिन पुन्हा चालू केलं, नॉब ओढला, आणि केबिनमध्ये गरम हवा यायला लागली.

"काय होतं अप्पा?"

"आडकलं हुतं कायतरी. उंदराचं घर."

हँगरमध्ये उंदीर आहेतच. मी मान डोलावली. पण पुढचं काम मी चोख केलं, त्याचा मला आजवर पश्चात्ताप होतो. मी माझ्या खोलीतून म्हातारीचं तपासणीचं पुस्तक आणलं आणि विचारलं, "डबा उघडून सायलेन्सर बघायचा का? तसा चाळीस तासांपूर्वीच बघितलाय. ही तुमची सही."

अप्पा त्या ओळीकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

"सही हाय की मग," ते म्हणाले, आणि पुस्तक मला परत दिलं.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. महेश्वरी उपाशी आली, फक्त एक केळं खाऊन. मी म्हणालो, "आज चाचणी नको, उद्या कर." ती म्हणाली, "सयाजीभाऊ, लक्ष्मी काय विमान पाडते का?" तिच्या तोंडाला लागून उपयोग नसतो. साडेनऊला ती एकटी म्हातारी घेऊन उडाली. आठ हजार फुटांवर जायचं, हीटर पहिल्यापासून चालू ठेवायचा, चाळीस मिनिटांनी उतरायचं, असं ठरलं होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी अप्पा माझ्या खोलीत आले. स्वस्थ बसवत नव्हतं बहुतेक. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग डांगरीच्या खिशातून एक गुंडाळी काढली आणि माझ्या केराच्या टोपलीत टाकली. टॉवेलची गुंडाळी. आमच्याकडे पुसायच्या चिंध्या टॉवेलच्या कारखान्यातूनच येतात, काठ चुकलेले, रंग उडालेले टॉवेल. मला टापटिपीची सवय. तेलकट चिंधी माझ्या टोपलीत कशाला, म्हणून मी वैतागून ती बाहेर काढली.

"अप्पा, हे कुठलं?"

"म्हातारीच्या पाइपातलं," ते हळू म्हणाले. "उंदराचं घर न्हवतं ते. मी खोटं बोललो."

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात झडपेची स्प्रिंग गेली होती. झडप पूर्ण मिटेना, आणि सोलापूरच्या उन्हात शिकाऊ पोरांच्या पायावर आणखी गरम हवा यायची. नवी झडप मागवली, ती येईपर्यंत काय करायचं म्हणून अप्पांनी पाइपात टॉवेल कोंबला. चार आठवड्यांचं काम. झडप तीन महिन्यांनी आली. मी ती कप्प्यात ठेवून वर चिठ्ठी लावली. मागायला अप्पा आले नाहीत आणि विचारायला मी गेलो नाही. टॉवेल पुढे अप्पांच्या लक्षातूनही गेला, आणि झडप त्या दिवशीही कप्प्यातच होती.

हे ऐकताना मी ती गुंडाळी हातात फिरवत होतो. तिचं एक टोक मळकट पांढरं होतं. दुसरं टोक काळं. तेलाचं काळं वेगळं दिसतं. हे कोरडं काळं होतं, बोटाला लागणारं, काजळीचं.

"काळं टोक कुठल्या बाजूला होतं, अप्पा?"

त्यांनी गुंडाळी माझ्या हातातून घेतली. पाइपातून उपसली तेव्हा कुणी बघू नये म्हणून त्यांनी ती न बघताच खिशात घातली होती. आता बघितली. सायलेन्सरच्या बाजूने स्वच्छ हवा येत असती तर टॉवेलवर धूळ बसली असती. काजळी कुठून येईल? धूर आणि हवा यांची भेट कधीची झाली होती. धूर केबिनमध्ये पोचत नव्हता तो फक्त या टॉवेलमुळे, आणि टॉवेल आता आमच्या हातात होता.

"शिवा शिवा," अप्पा म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस असा धावताना मी बघितला नव्हता. मी मागे पळालो.

रेडिओच्या खोलीत त्यांनी माइक हिसकावूनच घेतला. "महेश्वरी, अप्पा बोलतोय. ऐकू येतंय का?"

मग तिचा आवाज. "बोला अप्पा. हीटर मस्त झालाय. पाय गरम होलालेत."

"डोकं दुकतंय का?"

"जरा दुखालंय. उपास आहे ना आज." आवाज संथ होता, झोपेतून उठवल्यासारखा.

"उपासाचं न्हाय ते. धूर येतोय आत. हीटर बंद कर. नुसता बंद करून भागणार न्हाय, झडप पूर्ण मिटत न्हाय त्याची. दोन्ही खिडक्या उगड. आत्ता उगड, माज्याशी बोलत बोलत उगड."

"कार्डाचा ठिपका तर काळा झालेला नाही..." ती म्हणाली.

विमानात समोर एक छोटं कार्ड चिकटवलेलं असतं. विषारी वायू आला की त्यावरचा ठिपका काळा होतो. ते दर वर्षी बदलायचं असतं आणि ते भांडारातून देणं माझं काम. म्हातारीतलं कार्ड तीन वर्षं जुनं होतं. हीटरच वापरत नाही तर कार्ड कशाला, असं माझ्याच डोक्यात कधीतरी आलं होतं. मी अप्पांना खुणेनं सांगितलं, कार्ड मेलेलं आहे.

"अव्वा, कार्ड खोटं हाय. मी सांगतो ते खरं मान. खिडकी उगडलीस का?"

अप्पांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला रेडिओतून वाऱ्याचा मोठा घोंघावता आवाज आला, आणि त्यात तिचा. "उघडली. लई गार आहे."

"गार आसू दे. तोंड खिडकीकडं कर, मोठा श्वास घे. आता मला आकडे वाचून दाखव. उंची सांग."

तिने उंची सांगितली. मग पुन्हा तीच सांगितली. अप्पा तिला एकामागून एक विचारत राहिले: वेग किती, तेल किती, समोर काय दिसतं, घरी आई काय करते उपासाला. साबुदाणा का भगर? ती भगर म्हणाली. उतरेपर्यंत त्यांनी तिला गप्प बसू दिलं नाही. म्हातारी धावपट्टीवर दोनदा आपटून उडाली आणि तिसऱ्यांदा टेकली. दार उघडून महेश्वरी खाली आली, चार पावलं चालली आणि गवतावर बसून उलटी केली.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. आणखी अर्धा तास वर राहिली असती तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवटच सोडलं. संध्याकाळी घरी सोडलं, चार दिवस विश्रांती सांगितली.

अप्पा तिच्यामागे दवाखान्यात गेले नाहीत. त्यांनी म्हातारीचा डबा उघडला. सायलेन्सरच्या जोडाशी बोटभर लांब चीर होती, कडेला राखी ओघळ. तरी त्यांनी रीतसर परीक्षा केली. धुराच्या नळीतून ब्लोअरने हवा सोडली आणि सायलेन्सरवर साबणाचं पाणी लावलं. चिरेवर बुडबुड्यांची रांग उठली. अप्पांनी त्यावरून बोट फिरवलं.

आमचे संस्थाप्रमुख अभिमन्यू सर. माणूस वाईट नाही, पण संस्था चालवायची असते. त्यांनी आम्हा दोघांना आपल्या ऑफिसात बोलावलं. "अप्पा, चीर सापडली, सायलेन्सर बदलला, एवढं लिहा. खोटं काहीच नाही त्यात. आठ महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय."

मी तर लगेच मान डोलावली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्या एका वाक्यात अप्पा सुटत होते आणि माझं मेलेलं कार्डही सुटत होतं.

"सहा वर्षांत शंभर तासांच्या एकवीस तपासण्या झाल्या, सर," अप्पा म्हणाले. "पयल्या तीन येळा डबा उगडला मी. मग वाटलं, हवा आत जातच न्हाय, सोलापुरात हीटर कुणाला पायजे. आठरा येळा न बगता सही केली. काल सयाजीनं उगडू का विचारलं, तवा उगडायला पायजे हुतं. पण उगडला आसता तर हा इचारणार, चाळीस तासांपूर्वी बगितलाय तर आज परत का? लाज वाटली मला. त्या लाजंपायी मी पोरीला वर धाडलं."

अभिमन्यू सरांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. अप्पांनी तो घेतला नाही.

त्यांनी पत्र लिहिलं, चार पानी, स्वतःच्या हाताने. टॉवेल, झडप, अठरा सह्या, सगळं. मला दाखवलं तेव्हा मी बघितलं, माझ्या कार्डाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मला रागच आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी खाली माझा परिच्छेद जोडला आणि सही केली. मग पत्र विमान खात्याच्या कार्यालयात गेलं. महिन्याभरात उत्तर आलं: अप्पांचा परवाना एक वर्ष बंद. म्हणजे कायमचाच. मला लेखी ताकीद, आणि ती मला कमीच वाटली.

पण त्याआधी, पाचव्या दिवशी, महेश्वरी आली होती. चेहरा उतरलेला. अप्पांनी काय लिहून दिलंय ते तिच्या कानावर आलं होतं. सरळ माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "म्हातारीची पुस्तकं काढा." मी काढली. ती पानं उलटत गेली आणि त्या एका ओळीवर प्रत्येक पानात बोट ठेवत गेली. अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"ही सगळी पुस्तकं खोटी?" तिने मान वर न करता विचारलं.

"सगळी न्हाय, अव्वा. हीटरची तेवडी. बाकी साऱ्याला हात लावलाय मी."

"मला कसं कळायचं, कुठली सही खरी आणि कुठली खोटी?"

महेश्वरीचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. "तुमची सही असली की मी विमान अर्धंच तपासायची, अप्पा. पोरांनाही तेच शिकवलं. मला तुमच्यापेक्षा माझाच राग येलालाय." पुस्तक मिटून ती निघून गेली. त्यानंतर अप्पांशी ती बोलली नाही. हँगरमधून जाताना वाट बदलायची.

अप्पा कामावर येतच राहिले. मला वाटलं होतं, घरी बसतील. निंगव्वाकाकू, त्यांच्या पत्नी, मला फोनवर म्हणाल्या, "घरात बसा म्हणलं तर ऐकत न्हायत." परवाना नसला तरी दुसऱ्याच्या देखरेखीखाली पाना धरायला बंदी नव्हती. आठवड्यातून दोन दिवस बाहेरगावाहून एक तरुण इंजिनिअर यायचा. वयाने अप्पांच्या मुलापेक्षा लहान. अप्पा त्याच्या हाताखाली काम करायचे, एकेक गोष्ट त्याला बोटाने लावून दाखवायचे आणि तो सही करायचा. बाकी चार विमानांचे हीटरही अप्पांनी उघडले. ते ठीक निघाले.

म्हातारीला नवा सायलेन्सर आला. कप्प्यातली झडप मी स्वतः काढून दिली. नवं कार्ड चिकटवलं आणि पाचही विमानांच्या कार्डांच्या तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिल्या. जानेवारीच्या शेवटी पुन्हा चाचणी ठरली. मी अभिमन्यू सरांना म्हणालो, दुसरा कुणी पायलट बघा. पण महेश्वरी म्हणाली, विमान मी नेणार आहे, तर चाचणीही मीच करणार.

त्या सकाळी हवेत चांगलाच गारठा होता. तरुण इंजिनिअरने कागदावर सही केली. महेश्वरीने ती वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हातारीभोवती फेरी सुरू केली. अर्धा तास ती फिरत होती. बिजागऱ्या, पिना, टायर, तेलाचं झाकण, सगळ्याला हात लावत. मग चढून बसली आणि शेजारच्या सीटवर तिने बॅग ठेवली.

अप्पा उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले. कानटोपी, वर मफलर. मी पंखाखाली होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय?" महेश्वरी म्हणाली. दीड महिन्यात त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द.

"बसू का?"

"कशाला? कागद पूर्ण आहेत."

"कागद हाय. पण माजी सही आता चालत न्हाय."

"मग?"

"म्हणून मी येतो."

ती समोर बघत राहिली. मग तिने सीटवरची बॅग उचलली आणि मागे टाकली.

"हीटर पहिल्यापासून चालू राहील," ती म्हणाली. "आठ हजार फूट. चाळीस मिनिटं."

"ऱ्हाऊ दे की," अप्पा म्हणाले. ते चढले, पट्टा लावला आणि दार आतून ओढून घेतलं.